सरकारी संशोधन अनुदान आणि स्टार्टअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देणाऱ्या संस्थेत, मी अर्ज वाचायचं, दुरुस्त करायचं आणि नंतर हिशेब गोळा करायचं काम करते. फोनवर, मेलवर आणि खालच्या टपरीवर चहा पिताना तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढले. रकमा आणि अटी अधूनमधून बदलतात. अर्ज भरण्याआधी त्या योजनेची चालू जाहिरात स्वतः वाचा, माझ्यावर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

सरकार परत न घेण्याच्या बोलीवर पैसे का देतं?

काही प्रश्नांची उत्तरं शोधायला दुसरं कोणी पैसे देत नाही म्हणून. बँकेला तारण लागतं, आणि पेट्री डिशमधल्या पेशी तारण ठेवता येत नाहीत. गुंतवणूकदार विक्रीचे आकडे मागतो, आणि तुमच्याकडे अजून विकायलाच काही नसतं. प्रयोगशाळेत एकदा चाललेली गोष्ट शंभर वेळा चालते का, हे बघायला दीड-दोन वर्षं जातात. त्या काळाचा खर्च जगभर बहुतेक ठिकाणी सरकारी तिजोरीतून होतो. अमेरिकेने तर १९८२ मध्ये कायदाच केला, की संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. मोबाइलच्या चिप बनवणारी क्वालकॉम लहान होती तेव्हा तिलाही हे पैसे मिळाले होते.

आपल्याकडचं जुनं उदाहरण हैदराबादचं आहे, फक्त ते अनुदान नव्हे, सरकारी कर्ज होतं. शांता बायोटेक्निक्स या तेव्हाच्या छोट्या कंपनीला तंत्रज्ञान विकास मंडळाने कर्ज दिलं आणि १९९७ मध्ये भारतात बनलेली पहिली रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकीय तंत्राने बनवलेली, हेपटायटिस बी लस बाजारात आली. मंडळ स्वतःच जेमतेम वर्षभरापूर्वी, १९९६ मध्ये स्थापन झालेलं. आयात लस तोपर्यंत सर्वसामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे पैसे एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी असतात. ऑफिसचं भाडं, जाहिरात, संस्थापकांचा घरखर्च यासाठी ते नसतात. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इथेच दडलेली आहेत.

नेमके कुठे अर्ज करायचे? नावं ऐकून गोंधळ उडतो.

उडणारच. ‘डीबीटी’ म्हटलं की गावाकडे अनुदान थेट खात्यात जमा होणं आठवतं. आमच्या बोलण्यात डीबीटी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग. डीएसटी म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

डीएसटीचा ‘निधी’ हा कार्यक्रम २०१६ पासून आहे. त्यात ‘प्रयास’मधून पहिला प्रोटोटाइप, म्हणजे चालता नमुना, बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. नोकरी सोडून उडी मारणाऱ्यासाठी ‘ईआयआर’ (आंत्रप्रेन्योर-इन-रेसिडेन्स) ही छात्रवृत्ती आहे, महिन्याला ३० हजारांपर्यंत. बीजभांडवलाचा वेगळा भाग आहे, पण ते अनुदान नव्हे, त्याबद्दल पुढे येईल.

डीबीटीने २०१२ मध्ये बायरॅक ही ना-नफा कंपनी काढली. औषधं, निदानाची उपकरणं, शेतीतलं जैवतंत्रज्ञान, औद्योगिक एन्झाइम असं काही करत असाल तर तुमचं दार ते. तिची सगळ्यात ओळखीची योजना ‘बिग’, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट. १८ महिने, ५० लाखांपर्यंत.

संरक्षणाशी संबंधित काम असेल तर २०१८ पासूनचा ‘आयडेक्स’ आहे. तिथे प्रश्न लष्कर, नौदल, हवाईदल देतं आणि तुम्ही उत्तर घेऊन जाता. अनुदान साधारण दीड कोटीपर्यंत, पण तेवढाच वाटा तुम्हालाही उभा करावा लागतो. मोठ्या टप्प्यांसाठी त्याच छत्राखाली १० कोटी आणि २५ कोटींपर्यंतच्याही योजना आहेत.

स्टार्टअप इंडियाची सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. त्यात प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज.

आधी कुठे अर्ज करावा, याला काही क्रम आहे का?

आहे, आणि तो कोणी सांगत नाही. सीड फंडाच्या नियमांत असं कलम आहे, की दुसऱ्या कुठल्याही केंद्र किंवा राज्य योजनेतून १० लाखांहून जास्त पैसे घेतलेली कंपनी अपात्र ठरते. स्पर्धेतलं बक्षीस, संस्थापकाचा मासिक भत्ता, प्रयोगशाळेचा वापर हे त्यात धरत नाहीत. म्हणजे आधी ‘प्रयास’ आणि मग सीड फंड, हे जमतं. आधी ‘बिग’ घेतलंत तर सीड फंडाचं दार बंद. शिवाय कंपनी नोंदवून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. माझ्यासमोर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हे कलम पहिल्यांदा वाचतं आणि खुर्चीत मागे रेलून बसतं.

माझी अजून कंपनी नाही. चालेल?

‘प्रयास’ला व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. ‘बिग’लाही येतो, पण पैसे सुटायच्या आधी कंपनी काढायची तयारी लागते. उलट घाई करून कंपनी नोंदवणाऱ्यांनाच मी थांबवते. प्रायव्हेट लिमिटेड काढली की दर वर्षी ऑडिट आणि रिटर्न चुकत नाही, मग कंपनीच्या खात्यात दहा रुपये का असेनात. आणि वरची दोन वर्षांची घड्याळं नोंदणीच्या दिवसापासून टिकटिकायला लागतात.

माझं फक्त ॲप आहे.

मग ‘प्रयास’ सोडा. तिथे हातात धरता येईल अशी वस्तू लागते.

टीआरएल म्हणजे काय? फॉर्ममध्ये भरायला सांगतात.

तंत्रज्ञान किती पिकलंय हे मोजायची पट्टी. नासाने १९७०च्या दशकात आखायला घेतली, आज १ ते ९ पायऱ्यांची वापरतात. १ म्हणजे तत्त्व कागदावर. ३ म्हणजे टेबलावर एकदा करून दाखवलं. ४ म्हणजे सुटे भाग एकत्र जोडून प्रयोगशाळेत चालवले. ६-७ ला खऱ्या किंवा खऱ्यासारख्या परिस्थितीत प्रोटोटाइप चालतो. ९ म्हणजे माल बाजारात.

लोक इथे दोन प्रकारे फसतात. काही जण आकडा फुगवतात, ३ वर असताना ५ लिहितात. मग ज्युरी विचारते की इतकं पुढे आहात तर आमचे पैसे कशाला? दुसरे नम्रपणे २ लिहितात आणि हातातला चालता प्रोटोटाइप दाखवायचं विसरतात. जिथे आहात ते लिहा, आणि पुरावा म्हणून कुठल्या तारखेच्या कुठल्या प्रयोगाचे आकडे आहेत तेही लिहा.

अर्जात काय लिहायचं असतं? फॉर्मॅट आहे, पण मजकूर सुचत नाही.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूर-सांगली भागातून येणाऱ्या मुलांच्या डोक्यात दूध असतंच, त्यामुळे दुधातली युरियाची भेसळ ओळखणारी कागदी पट्टी हा विषय मी बऱ्याचदा पाहिलाय. पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘भेसळ ही गंभीर समस्या आहे. आमचं अभिनव, स्वस्त आणि पोर्टेबल उपकरण दुग्धव्यवसायात क्रांती घडवेल.’ यातून ज्युरीला काहीही कळत नाही.

आता खोलात जाऊ. दुधात युरिया निसर्गतःच असतो. नियमाने त्याची मर्यादा ७०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७०० भाग, आहे. त्यामुळे ‘युरिया आहे’ असं सांगणारी पट्टी बिनकामाची, सगळ्याच दुधाला ती होकार देईल. पट्टीने ६०० आणि ८०० मधला फरक दाखवला पाहिजे. तोही पहाटे साडेपाचला, संकलन केंद्रावरच्या ट्यूबलाइटखाली, किटल्यांची रांग लागलेली असताना, केंद्रचालकाच्या डोळ्यांना. आणि मे महिन्यात शेडमध्ये महिनाभर पडून राहिल्यावर पट्टीवरचं एन्झाइम जिवंत आहे का, हा पुढचा प्रश्न.

हे लिहिलं की अर्ज आपोआप उभा राहतो. पहिल्या सहा महिन्यांत ७०० च्या आसपास रंगातला फरक स्थिर करणं. दुसऱ्या टप्प्यात ४० अंश तापमानाला पट्टी टिकवणं. तिसऱ्यात काही संकलन केंद्रांवर नमुने घेऊन प्रयोगशाळेतल्या चाचणीशी ताडून बघणं. प्रत्येक टप्प्याला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं म्हणता येईल असा आकडा. हेच तुमचे माइलस्टोन, आणि पुढे पैसे त्यावरच सुटतात.

आणि हो, कोणीतरी नक्की विचारेल: कर्नालच्या एनडीआरआयने, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने, दुधातली भेसळ ओळखणाऱ्या पट्ट्या काढल्याच आहेत, तुमचं नवं काय? याचं उत्तर अर्जातच हवं. ‘स्पर्धक कोणी नाही’ असं वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवते. त्याचा अर्थ एवढाच होतो, की शोधलेलं नाही.

अर्ज मराठीत चालतो?

या केंद्रीय योजनांसाठी इंग्रजीतच लिहावा लागतो. पण मसुदा मराठीत करा. स्वतःच्या भाषेत प्रश्न दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर इंग्रजीत तो फक्त लपतो. मुलाखतीत अडखळलात आणि हिंदीत किंवा मराठीत समजावलंत म्हणून कोणाला नाकारलेलं मी पाहिलं नाही.

पैसे एकदम मिळतात का?

नाही, हप्त्यांनी. आणि बहुतेक वेळा डीएसटी किंवा बायरॅक थेट तुम्हाला पैसे देत नाही. मध्ये इन्क्युबेटर असतो, त्याच्याशी करार, त्याच्याकडे अहवाल. ‘बिग’चे असे भागीदार देशभर आहेत. महाराष्ट्रात पुण्याचं व्हेंचर सेंटर, जे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात २००७ पासून आहे, आणि आयआयटी मुंबईचं साइन, २००४ पासूनचं.

अनुदानासाठी वेगळं बँक खातं उघडा. करारात लिहिलेलं असो वा नसो. त्या खात्यावर पडलेलं व्याजही तुमचं नाही. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनुदानावरचं व्याज सरकारजमा करायचं असतं. मुलं हे ऐकून हसतात. बाराशे रुपये व्याजासाठी पत्र लिहायचं? हो, लिहायचं.

पुढचा हप्ता मागच्याचा हिशेब आणि माइलस्टोन दोन्ही पटल्यावर सुटतो. मध्ये दोन-चार महिने कोरडे जातात, हे धरूनच पगाराचं गणित मांडा.

कशावर खर्च करता येतो?

मंजुरीपत्रात हेड, म्हणजे खर्चाचे रकाने, असतात: उपकरणं, कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारं सामान), मॅनपॉवर, प्रवास, बाहेरून करून घेतलेल्या चाचण्या, पेटंट, किरकोळ. ज्या हेडला जेवढे, तेवढेच. एका हेडमधून दुसऱ्यात पैसे फिरवायचे तर आधी लेखी परवानगी.

एक प्रसंग सांगते. एका टीमने कन्झ्युमेबल्सच्या पैशातून थ्रीडी प्रिंटर घेतला. प्रिंटर उत्तम होता, घासाघीस करून स्वस्तात मिळवला होता, कामही झपाट्याने व्हायला लागलं होतं. पण प्रिंटर हे उपकरण आहे, कन्झ्युमेबल म्हणजे त्यातली फिलामेंटची रिळं. वर्षअखेरीला ऑडिटमध्ये नोंद आली, ती रक्कम त्यांना खिशातून भरून खात्यात परत टाकावी लागली, आणि पुढचा हप्ता चार महिने अडकला. त्या चार महिन्यांत दोघांपैकी एक इंजिनिअर नोकरी लागून गेला. चूक माझीही होती. बिल आलं तेव्हाच मी ते नीट पाहायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलने हेडचं नाव लिहून घेते.

कोटेशनांबद्दल: महागडी खरेदी असेल तर किमान तीन. तिन्ही कोटेशनं एकाच फॉन्टमध्ये, एकाच स्पेलिंगच्या चुकीसह आली तर ऑडिटर हसत नाही.

यूसी काय प्रकार आहे?

युटिलायझेशन सर्टिफिकेट. मिळालेले पैसे ज्या कामासाठी दिले त्यावरच खर्च झाले, असं ठरलेल्या नमुन्यात लिहून देणं. सोबत सीएने तपासलेला खर्चाचा तक्ता. हा कागद मार्चअखेरीला आठवतो आणि मग सगळ्या शहरातले सीए एकाच आठवड्यात फोन उचलेनासे होतात. दर महिन्याच्या पाच तारखेला अर्धा तास बसून बिलं चिकटवा. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि कुरिअरची बिलं यांचा रंग सहा महिन्यांत उडतो, फोटो काढून ठेवा.

अनुदानावर कर लागतो का?

सीएला विचारा, पण विचारायला विसरू नका. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारी अनुदान उत्पन्नाच्या व्याख्येत आणलं. यंत्रसामग्रीसाठी मिळालेला भाग तिच्या किमतीतून वजा करतात, त्याची वागणूक वेगळी. मार्च महिन्यात हप्ता आला आणि खर्च एप्रिलनंतर झाला की ताळेबंद विचित्र दिसतो, त्याची तजवीज आधी करावी लागते.

सरकार कंपनीत हिस्सा मागतं का?

‘बिग’ आणि ‘प्रयास’मध्ये नाही. बीजभांडवलाच्या योजनांत, मग ती निधीची असो, बायरॅकची असो, इन्क्युबेटर शेअर किंवा परिवर्तनीय रोखे घेतो. तेव्हा मात्र कराराचं प्रत्येक पान वकिलाला दाखवा. शेजारच्या टीमने सही केली म्हणून तुम्ही करू नका, त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात.

पेटंट कोणाचं? माझं, सरांचं की कॉलेजचं?

या प्रश्नावर मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर.

अनुदान देणारी संस्था सहसा पेटंटवर मालकी सांगत नाही. मालकी तुमच्याकडेच राहते, बहुतेक करारांत सरकारकडे काही राखीव अधिकार असतात, उदाहरणार्थ तुम्ही ते तंत्रज्ञान वापरातच आणलं नाहीत तर. अमेरिकेत सरकारी पैशातल्या शोधाची मालकी विद्यापीठाला देणारा बे-डोल कायदा १९८० चा. आपल्याकडे त्या धर्तीवरचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि पुढे २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक संस्थेचं आपापलं धोरण चालतं. सीएसआयआरसारख्या (केंद्राच्या प्रयोगशाळा चालवणारी परिषद) संस्थांतल्या शास्त्रज्ञांना कंपनी काढायची, तिच्यात हिस्सा घ्यायची मोकळीक २००९ पासून आहे.

खरी गाठ कॉलेजशी असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कॉलेजच्या यंत्रांवर, पीएचडी करताना शोध लागला असेल तर बहुधा मालक कॉलेज, तुम्ही संशोधक. तुमच्या कंपनीला कॉलेजकडून लायसन्स घ्यावं लागेल. यात अपमान काही नाही. गूगलचं पहिलं शोधतंत्र, पेजरँक, याचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं आणि त्या संशोधनामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे, म्हणजे सरकारचेच, पैसे होते. स्टॅनफर्डला लायसन्सच्या बदल्यात मिळालेले शेअर पुढे सुमारे ३३.६ कोटी डॉलरना विकले गेले. तेव्हा कॉलेजच्या आयपी सेलमध्ये, म्हणजे बौद्धिक संपदा कक्षात, अर्ज करण्याआधी जा. मंजुरी मिळाल्यावर गेलात तर तिथला सूर बदललेला असतो.

आणि कॉन्फरन्समध्ये पोस्टर लावायच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. आधी जगाला दाखवलंत तर नावीन्य गेलं. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. स्टार्टअपसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तेच ८,०००. एवढ्यासाठी पोस्टरची घाई करून पेटंट घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

प्रयोग फसला तर पैसे परत द्यायचे?

प्रामाणिकपणे फसला असेल तर नाही. खर्च न झालेले पैसे परत जातात, झालेल्याचा हिशेब द्यायचा. पट्टी ४० अंशाला टिकली नाही, असे आकडे समोर ठेवले तर तेही उत्तरच आहे, आणि समितीतल्या लोकांनी स्वतः आयुष्यभर फसलेले प्रयोग केलेले असतात. अडचण कुठे येते? दूध सोडून मधातली भेसळ शोधायला लागलात आणि कोणाला कळवलंच नाही, तिथे. दिशा बदलायची तर आधी पत्र.

यातून खरोखर काही मोठं निघतं, की नुसते पुरस्कार आणि फोटो?

फोटो भरपूर निघतात, खोटं कशाला बोलू. पण मुंबईतलंच एक उदाहरण पाहा.

रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी नावाचे उपचार आहेत. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक जनुक घालायचं, त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पुन्हा त्याच रुग्णाला सलाइनसारख्या चढवायच्या. बदललेल्या पेशी कर्करोगग्रस्त बी-पेशींच्या पृष्ठभागावरची सीडी१९ ही खूण ओळखून त्यांना मारतात. परदेशात याचा खर्च कोटींमध्ये.

आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागात प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने यावर काम केलं, रुग्णांची बाजू टाटा मेमोरियल सेंटरने सांभाळली. डीबीटी-बायरॅकच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून पहिल्या मानवी चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मिळाले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात देशातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. तारीख लक्षात घ्या, कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. या संशोधनातून निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीच्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण झालं. किंमत परदेशातल्या उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. नावातला १९ हा आकडा त्या सीडी१९चा.

दहावा हिस्सा म्हणजेही आपल्याकडच्या घराला लाखोंचा बोजा, हे खरं. पण विषाणूचं वाहन, पेशी वाढवायची सोय, चाचण्या हे सगळं इथे उभं राहिलं, म्हणूनच किंमत इथे ठरली. कुठलाही खासगी गुंतवणूकदार पहिल्याच दिवशी यात उतरला नसता. आणि ते ५० लाखांच्या अनुदानात झालेलं नाही, हेही बघा. टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं पैसे लागले.

अनुदान संपल्यावर काय?

सगळ्यात अवघड काळ तो. प्रोटोटाइप तयार, पण कारखाना, प्रमाणपत्रं आणि पहिली ऑर्डर यांना कोट्यवधी लागतात आणि अनुदानाच्या रकमा तिथे अपुऱ्या पडतात. तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देत आलं आहे. केंद्राने १ लाख कोटींचा संशोधन-विकास-नवोपक्रम निधी १ जुलै २०२५ ला मंजूर केला आणि त्या नोव्हेंबरमध्ये तो सुरू झाला. तो टीआरएल ४ आणि त्यापुढच्यांसाठी आहे, आणि ते अनुदान नव्हे. कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल, तेही थेट न देता मधल्या निधी व्यवस्थापकांमार्फत. पीएचडीचा प्रबंध घेऊन तिथे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पैशापेक्षा पहिला ग्राहक महत्त्वाचा. सरकारी निविदांत मान्यताप्राप्त स्टार्टअपला अनामत रक्कम, आधीचा अनुभव आणि उलाढाल या अटींत सवलत मिळू शकते. निविदेत ती लिहिलेली नसेल तर बोलीपूर्व बैठकीत विचारा.

महाराष्ट्र सरकारकडून काही?

राज्य नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह आहे. निवडलेल्या २४ स्टार्टअपना एखाद्या सरकारी खात्यात आपलं उत्पादन चालवून दाखवायला वर्क ऑर्डर मिळते. अनुदानापेक्षा हे मला जास्त आवडतं, कारण समोर खरा वापरणारा असतो. वैद्यकीय उपकरणांसाठी आयआयटी मुंबईतलं ‘बेटिक’ आहे, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशावर २०१४ मध्ये सुरू झालेलं.

आम्ही पुण्या-मुंबईचे नाही.

बेटिकची शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे. छत्रपती संभाजीनगरात ‘मॅजिक’ हा इन्क्युबेटर आहे, गोव्यात वेर्ण्याला ‘सीबा’. शिवाय ‘प्रयास’ केंद्रांच्या मुलाखती बऱ्याचदा ऑनलाइन होतात. तुम्ही ज्या संकलन केंद्रावर, द्राक्षबागेत किंवा ग्रामीण रुग्णालयात चाचणी करणार ते तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. पुण्यातल्या टीमला तिथे पोचायला प्रवासाचं हेड लागतं.

एक गृहस्थ म्हणतात, दहा टक्के द्या, ग्रँट आणून देतो.

नमस्कार करा आणि फोन ठेवा. ती दहा टक्के रक्कम अनुदानातून देताच येत नाही, कुठल्याच हेडमध्ये बसत नाही. आणि मुलाखतीत त्यांनी लिहिलेल्या अर्जावरचे प्रश्न तुम्हाला विचारले जातात.

अर्ज नामंजूर झाला. पुन्हा करू?

करा. ‘बिग’ची जाहिरात वर्षातून दोनदा येते, साधारण जानेवारी आणि जुलैत. आधी परीक्षकांचे शेरे एका कागदावर उतरवा आणि राग ओसरायला आठवडा द्या. मग प्रत्येक शेऱ्यासमोर लिहा: हे मी केलंच होतं पण अर्जात नव्हतं, हे करायचं राहिलं होतं, हे परीक्षकाचं चुकलं. तिसऱ्या रकान्यात दोनपेक्षा जास्त ओळी झाल्या तर कागद मला पाठवा, आपण एकत्र बसून वाचू. गेल्या वेळी एक मुलगा असा कागद घेऊन आला होता, तिसरा रकाना गच्च भरलेला. तासाभराने त्यातल्या सहा ओळी दुसऱ्या रकान्यात सरकल्या होत्या आणि तो संकलन केंद्रावर परत कधी जाता येईल ते विचारत होता.